मिसबाईंची शिकवणी

खरं तर ती शिकवायला आली होती.
ट्रंकेत भूमितीची पेटी, रबराची गरम पाण्याची पिशवी,
नाशकात पोचेपर्यंत बंद पडलेलं एक घड्याळ,
आणि बायबलात दाबलेलं तिच्या गावचं एक पान.
कसलं, ते आईनं विचारलं.
तिला मराठीत सांगता येईना.
झाडच आम्ही पाहिलेलं नव्हतं, सांगून काय कळणार होतं.

शरणपूरला, मुलींच्या शाळेमागं तिची खोली.
माझा बाप शांतवन शाळेची घंटा द्यायचा,
आई तिचं रांधायची, टेबलावर काटा-चमचा मांडून
दाराआड उभी राहायची.
मिशननं लावलेले कावनईकर पंडित आठवड्यातून दोनदा यायचे,
पडवीत बसायचे, स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायचे,
आणि शिकवून जायचे:
“मी आपली अत्यंत ऋणी आहे.”
ते वाक्य घेऊन ती गंगेवरच्या बाजारात गेली.
मेथीवाली इतकी घाबरली की जुडीचे पैसेच घेईना.

तेव्हापासून उरलेली मराठी माझ्याकडे आली.
मी नऊ वर्षांची.

‘ळ’ तिला कधीच जमला नाही.
जीभ उलटी वळवायची, असं मी तोंडात बोट घालून दाखवी.
ती आरशासमोर उभी:
केलं. डोले. कंटाला.
मी मंजुळा, तिच्या तोंडी मंजुला.
पोरी हसायच्या. मला आवडायचं ते.
वाटायचं, समुद्रापलीकडं माझी कुणी बहीण आहे,
तिला हाक मारतेय ही.

एप्रिलात मानेवर ओला टॉवेल टाकून
ती भागाकार शिकवायची.
गोदावरीला सगळे गंगा म्हणतात याचा तिला राग नव्हता,
गोंधळ होता. “नकाशात दुसरी आहे ती.”
बाप म्हणाला,
“नकाशा काढणाऱ्याला तहान लागली नसेल.”

खरी अडचण पुढंच होती.
तिच्याकडं ‘आम्ही’ आणि ‘आपण’ला मिळून एकच शब्द.
माझा हात धरून मला म्हणायची,
“मंजुला, आम्ही बाजारात जाऊ.”
मी रुसायची. म्हणजे मी नाही यायचं?

मग अंगणात खडूनं रिंगण काढलं.
ऐकणारा बाहेर राहिला, तर आम्ही.
ऐकणाऱ्याला आत घेतलं, तर आपण.
ती बराच वेळ रेघेवरच उभी,
बूट अर्धा आत, अर्धा बाहेर.
मग म्हणाली, “प्रार्थनेत ‘आमच्या बापा’ का?
देव बाहेर?”
मी म्हटलं, “तो ऐकतो ना. म्हणून.”
त्या रात्री तिच्या खोलीतला कंदील
कितीतरी वेळ विझला नाही.

अकरा वर्षं गेली. ती ‘आम्ही’च म्हणायची,
आणि आम्ही काय ते समजून घ्यायचो.

मग एका जूनमध्ये जाड पाकीट आलं.
मिशनचे पैसे संपले होते, की धीर,
बोटीची तारीख तेवढी नक्की होती.
आई भाकरी थापत होती.
मी आता पहिलीच्या वर्गावर,
पाट्या पुसून भिंतीशी लावत होते.
ती आमच्या उंबऱ्याशी आली, बूट काढून,
अनवाणी पाय केवढे पांढरे,
पत्र आईपुढं धरलं
(आईला वाचता येत नव्हतं, तिला ते माहीत होतं)
आणि म्हणाली,
“आपण आता काय करायचं?”

मी चमकून पाहिलं.
आपण काय बोललो, ते तिच्या ध्यानातही नव्हतं.
आईच्या आलं.
पिठाच्या हातानंच तिनं पाट पुढं सरकवला.
“आधी जेवू,” म्हणाली.